गोदीच्या गेटवरची पूर्ण हजेरी

गोदीच्या त्या गेटचं रजिस्टर आठवलं, की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं फिरतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना ती नाही, आणि बाकीच्यांना आणखी त्रास नको.

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या गोदीत नवी सुरक्षा योजना सुरू होऊन वर्ष झालं होतं. प्रत्येक गाडीची झडती, गेटवर पाच रक्षक, प्रत्येक नोंदीखाली सही. या योजनेचं मोठं मूल्यमापन करावं का, करण्याजोगं त्यात काही आहे का, याचा प्राथमिक अभिप्राय वरिष्ठांनी माझ्याकडे मागितला. चोर सोडून कागद तपासायचे म्हणून मी वैतागलोच. रजिस्टरं मागवली, चाळली. एकही रकाना रिकामा नव्हता. सगळं ठीक आहे असं मनाशी ठरवून मी फाइल बाजूला ठेवली.

तेव्हा गणपती होऊन दोन आठवडे झाले असतील. त्याच सुमारास दारूखाना भागातल्या एका भंगारवाल्याने खबर दिली, की जहाजाचे पितळी भाग त्याच्याकडे विकायला आले होते. तो माल आणणारा टेम्पोचालक संध्याकाळपर्यंत हाती लागला आणि फारसे आढेवेढे न घेता कबूलही झाला. गणपतीच्या दिवसांत भरदुपारी गेटमधूनच माल काढला, कुणी हटकलंही नाही, असं तो म्हणाला. रजिस्टरात मात्र त्या टेम्पोची नोंद होती: झडती घेतली, आक्षेपार्ह काही नाही. खाली एका रक्षकाची सही.

रक्षकाला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, मालवणकडचा माणूस, घोडपदेवच्या चाळीत राहणारा. बाप गिरणीत होता. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलेचना. सही तुझी का, विचारलं तर म्हणे, "असेल, साहेब." मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो मान खाली घालून बसला. चोराला हा सामील आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अटकेचे कागद तयार करायला घेतले.

तेवढ्यात त्याची बायको ठाण्यात आली. घाबरलेली नव्हती, संतापलेली होती.

"साहेब, ह्येंका कित्याक धरलास? तेव्हा आमी गावाक होतो. आमच्या घरात गणपती असता."

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. ज्या दुपारी टेम्पो बाहेर पडला, त्याच दुपारच्या व्हिडिओत हा माणूस गावच्या घरात आरतीला झांज वाजवत उभा होता.

मी त्याला म्हटलं, आता खरं सांग, तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही. त्याने बायकोकडे पाहिलं, मग तोंड उघडलं.

"आम्ही पाचही जण कोकणातले, साहेब. गणपतीला आठ दिवस तोंडी सुट्टी मिळते. सुपरवायझर सांगतात, अर्ज देऊ नका, कागदावर गेट रिकामं दिसेल. मी बोललो असतो तर पाचही घरांची चूल बंद झाली असती."

मी रजिस्टर पुन्हा उघडलं. पाचही जण गावी, आणि आठही दिवस पाचांच्या सह्या. कोकणातला माणूस चतुर्थीला गेटवर नसतो, हे लालबाग-परळमधलं शेंबडं पोरही सांगेल. मला ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. सुपरवायझरला विचारलं, तर त्याला काडीचा संकोच नाही. वरून पूर्ण हजेरी मागतात, म्हणून केबिनमध्ये बसून गाड्यांचे नंबर टिपले आणि सह्या ठोकल्या, म्हणाला. झडती तर वर्षभरात रक्षक हजर असतानाही झाली नव्हती. गाडीखाली बघायचे आरसे खोक्यातच पडून होते. खोक्यावरची सुतळीही कुणी सोडली नव्हती.

मी दोन पानी अभिप्राय लिहिला. योजना अमलातच आलेली नाही, जे नाही त्याचं मूल्यमापन होऊ शकत नाही, आधी ती सुरू करा आणि जबाबदारी निश्चित करा. पुरावा म्हणून रक्षकाचा जबाब जोडला. कडक लिहिलं म्हणून स्वतःवर खूश होतो.

वरिष्ठांनी पुढे पाठवलेल्या टिपणीत त्यातली एकच ओळ उरली: अभिप्रायानुसार मूल्यमापनाची आवश्यकता नाही. योजना तशीच चालू राहिली, आणखी दोन गेटांना लागूही झाली. सुपरवायझरची बदली झाली, तीही चांगल्या जागी. पाचही रक्षकांना विनापरवाना गैरहजेरीबद्दल घरी पाठवलं. मी तणतणत वरिष्ठांकडे गेलो.

"मूल्यमापन नको, हे तुम्हीच लिहिलंत ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग आता तक्रार कसली?"

घोडपदेवला त्या रक्षकाच्या घरी गेलो. त्याने मला बसायला खुर्ची दिली, स्वतः मात्र उभाच राहिला. त्याची बायको आतून बाहेर आली नाही. मी माफी मागितली.

योजना चांगली की वाईट हे ठरवण्याआधी ती आहे का, हे गेटवर उभं राहून बघावं, एवढं या प्रकरणातून शिकलो. पण जबाब जोडताना तो कुणाच्या हातात पडणार आहे, याचा विचार मला शिवला नाही. त्या गेटवरच्या खोटेपणाची शिक्षा फक्त त्या पाच जणांनी भोगली, आणि त्यांच्याविरुद्धचा एकमेव पुरावा मी पुरवला होता.