मी ‘ओके’ केलेलं मांजर

“मांजर हाय का गेलं?”

सकाळी दाढी करत होतो तेव्हा हा फोन आला. राँग नंबर म्हणून ठेवून दिला. तोंडावरचा फेस वाळायच्या आत दुसरा आला, त्यालाही मांजरच पाहिजे होतं. तिसऱ्याला मी चढ्या आवाजात विचारलं, माझा नंबर तुम्हाला दिला कुणी? तो अगदी शांतपणे म्हणाला, “पावणं, कागदावर छापलाय की. उचगावात दुकानादुकानांत चिकटवलाय.”

मी कोल्हापुरात एका छापखान्यात प्रूफरीडर आहे. छापण्याआधी मजकुराचा एक नमुना काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. गिऱ्हाईक जो मूळ कागद देतं ती कॉपी. दोन्ही शेजारी ठेवून चुका शोधायच्या, ही माझी नोकरी. चूक उरली नाही की कोपऱ्यात ‘ओके’ लिहून सही करायची. त्यानंतर मशीन सुरू होतं आणि पुढची सगळी जबाबदारी माझी.

हे काम माणसाला हळूहळू बिघडवतं. श्रद्धांजलीचा बोर्ड दिसला की लोक हात जोडतात, माझा हात पेनाकडे जातो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याची टाकी फुटल्याचा मेसेज आला तर मी आधी त्यातली वेलांटी दुरुस्त करून पाठवतो, मग नळ बघायला जातो. आमच्या मांजरीचं नावसुद्धा वेलांटी आहे. शेपूट तशीच वळवते म्हणून ठेवलं. बायकोला, म्हणजे सुलभाला, ते कधीच पटलं नाही.

तर छापखान्यात पोहोचलो. मालक दिनकरराव माझी वाटच बघत होते. त्यांनी एक हँडबिल पुढं सरकवलं. ‘प्रेमळ बोका देणे आहे.’ खाली बोक्याचा फोटो, एक डोळा अधू. त्याखाली माझा मोबाईल नंबर.

“हे कुणी केलं?”

“तुमीच,” असं म्हणून दिनकररावांनी प्रूफ दाखवलं. कोपऱ्यात ‘ओके’, खाली माझी सही.

आता हे कसं झालं ते सांगतो. आमच्या धंद्यात प्रूफ वाचताना अर्थ वाचायचा नसतो. अर्थामध्ये गुंतलं की डोळा चुकीवरून घसरतो. आकडे तर आम्ही मागून पुढं वाचतो, एकेक आकडा कॉपीशी ताडून. सरळ वाचलं की डोळा सवयीनं पुढं पळतो, उलटं वाचलं की अडखळतो आणि चूक सापडते. मी माझा स्वतःचा नंबर उलटा वाचला, कॉपीशी जुळवला, बरोबर ठरवला आणि सही ठोकली. इतकी वर्षं याच पद्धतीचा मला अभिमान होता.

“पण कॉपीत माझा नंबर आला कसा?”

“रेहाना चाचींनी तुमालाच इचारलं की. तुमी मान हलवलीसा.”

रेहाना चाची उचगावात शिवणकाम करायच्या. आता त्या मलकापूरला मुलीकडे राहायला चालल्या होत्या. नातवाला दम्याचा त्रास, त्यामुळे मांजर नेता येत नव्हतं. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून संपर्काला दुसऱ्या कुणाचा तरी नंबर हवा होता. माझ्या घरी मांजर आहे हे त्यांना दिनकररावांनी सांगितलं. त्या माझ्या टेबलाशी येऊन विचारत होत्या तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीच्या मामांची नावं मोजत बसलो होतो. मान हलली असणार. माझी मान दिवसभर हलतच असते.

सही माझी, म्हणजे काम माझं. शुक्रवारी चाचींचा टेम्पो होता. त्याआधी हिरोला, म्हणजे त्या बोक्याला, घर मिळालं नाही तर तो रस्त्यावर पडणार होता. एका डोळ्यानं अधू, घरात वाढलेला बोका उचगावच्या कुत्र्यांपुढं किती टिकणार?

फोन पुष्कळ आले. एकाला पांढरं पिल्लू हवं होतं. एका बाईंना मांजर नको, फक्त शिवायला टाकलेला ब्लाऊज परत हवा होता. आणि मग पेठ वडगावहून एका धान्याच्या दुकानदाराचा मेसेज आला. मोठं दुकान, मागं अंगण, घरात मुलं, पूर्वीचा बोका म्हातारा होऊन गेलेला. डोळ्याचं काही नाही, जीव लावू, असं लिहिलं होतं. याहून चांगलं घर मिळणार नव्हतं.

मेसेजमध्ये चुका होत्या. बऱ्याच होत्या. मी कसलाही विचार न करता त्या दुरुस्त केल्या आणि पूर्ण मजकूर त्यांना परत पाठवला. वर ‘पुढील वेळी विरामचिन्हांकडे लक्ष द्यावे’ असंही लिहिलं. मला खरोखर वाटलं की त्या माणसाला बरं वाटेल.

लगेच फोन वाजला.

“पावणं, मांजर द्यायचंय का परीक्षा घ्यायचीया?”

“तसं नाही हो, सहज...”

“आमच्या दुकानातल्या उंदरांस्नी वाचाय येत न्हाय. ऱ्हाऊ दे तुमचं मांजर.”

मी माफीचा मेसेज पाठवला. पाठवण्याआधी तो तीनदा तपासला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. त्यानंतर मी फोन केले, ते त्यांनी उचलले नाहीत.

गुरुवारी चाची छापखान्यात आल्या. हातात झाकणाची टोपली, आत हिरो. “कोण घेतंय वो?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, जरा मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे सगळ्या छापखान्यानं ऐकलं.

चाचींनी टोपली माझ्या टेबलावर ठेवली. “म्हंजे तुमच्या काना-मात्रेपायी माझ्या लेकराचं घर गेलं म्हणा की. आता काय करू? बाजारात सोडू व्हय त्याला?”

दिनकररावांनी मशीनकडे तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी घेतो,” मी म्हणालो.

“तुमी?” त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “आधी घर बघते. मग सांगते.”

चाचींना घेऊन घरी गेलो, तर सुलभानं दार उघडलं. टोपली बघितली, मला बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती कशावर ओरडायचं आणि कशावर नाही ते शिकली आहे. वेलांटी फिस्कारून कपाटावर चढली.

चाचींनी घराचं प्रूफ वाचायला घेतलं. “खिडकीला जाळी न्हाय. खाली पडंल की.” मग, “खायचं ताट आन् घाणीचा डबा एकाच जागी? तुमी जेवताय का संडासात?” मग, “ह्या मांजरीला दूध घालताय? म्हणूनच पोट सुटलंय तिचं.” वेलांटीला आम्ही तीन वर्षं सांभाळत होतो आणि तिच्याबाबतीत माझं एकही वाक्य बरोबर नव्हतं. चहाचे कप आणता आणता सुलभा म्हणाली, “चाची, ह्यांच्या कपाटाकडंपण बघा एकदा.” इतकी खूश मी तिला दिवाळीतही बघितली नव्हती.

मी डबा हलवला. जाळीवाल्याला फोन केला. मग चाचींनी टोपलीचं झाकण काढलं. हिरो बाहेर आला, त्यांच्या मांडीवर चढून बसला. त्या त्याच्या अधू डोळ्याच्या कडा पदरानं पुसत राहिल्या.

उठताना त्या सुलभाला म्हणाल्या, “ताई, तुमच्या भरवशावर ठेवते. भाऊंच्या न्हाय.” आणि रिकामी टोपली घेऊन जिना उतरल्या. त्यांच्यामागं मी दोन पायऱ्या उतरलो. फार वाईट वाटलं.

वेलांटी आता कपाटावरून खाली आली आहे. दोघं माझ्या खुर्चीत झोपतात, मी स्टुलावर बसतो. रविवारी चाचींचा मलकापूरहून व्हिडिओ कॉल येतो. बोलणं त्यांना पुरतं ऐकू येत नाही, पण हिरो दिसतो. पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला तेव्हा तो धावत आला, स्क्रीन हुंगली आणि मग फोनच्या मागं जाऊन त्यांना शोधू लागला. सुलभानं फोन माझ्या हातात दिला.

“बारीक झालाय,” चाची एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्याचं खाणं मी वाढवलं.

आता प्रूफ मी दोनदा वाचतो. एकदा चुकांसाठी, आणि एकदा ज्याचा मजकूर आहे त्या माणसाचं काय जातंय ते कळावं म्हणून. दुसऱ्या वाचनात चुका सापडत नाहीत. वेळ जातो म्हणून दिनकरराव कुरकुरतात, आणि तिसरं मांजर घरात येणार नाही, असं सुलभानं बजावून ठेवलंय.