ढिला तंग

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. काल घोड्यांच्या प्रदर्शनात कित्येक वर्षांनी मी पुन्हा खोगिरावर बसणार होतो. शेजारच्या स्वार मुलीनं खोगिराच्या पोटपट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली.

“आजोबा, तंग ढिला आहे. फेरी मारायचीय की लोळण घ्यायचीय?”

तरुणपणी अशाच ढिल्या तंगामुळे मी प्रदर्शनात पडलो होतो. घोडी थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वाढवलेली. लोक म्हणाले, “घोडीच्या कपाळावरचा केसांचा भोवराच अपशकुनी.” मी गप्प राहिलो. वडिलांनी घोडी विकली.

“भोवरा तर जन्मापासून होता की रे,” एवढंच अक्का म्हणाली.

आपली चूक ठेवायला माणसाला दुसऱ्याचं कपाळ सापडतं.

मुलीनं तंग आवळला. मी घोड्याच्या भोवऱ्यावर हात ठेवला. अक्का आता नाही.

अक्का, तंग मीच आवळला नव्हता गं. मला माफ कर.