आवाज न येणारं बटण

रंजनाताईंनी फोन माझ्यापुढे धरला. "सर, हितं बटन दाबलं की बाई बोलत्यात. उसाच्या फडावर रेंज न्हाई. तितं लेकरानं काय ऐकायचं?"

बाई म्हणजे माझी पत्नी. वडवणीजवळच्या या शाळेत ती शिकवायची. आईबापांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी तिने धडे वाचून रेकॉर्ड केले होते. उन्हाळ्यात ती गेली. वेबसाइट बनवणं हा माझा व्यवसाय, म्हणून धडे शाळेच्या साइटवर मीच चढवले. तोडणीला जाणाऱ्यांचे ट्रक दोन दिवसांनी निघणार होते, आणि रंजनाताईंचा आकाश पाचवीत होता.

धड्यांच्या फाइल दुसऱ्या सर्व्हरवर होत्या. अशा वेळी लिंकवर 'डाउनलोड' लिहिलं तरी ब्राउझर ते मानत नाही. फाइल साठवण्याऐवजी वाजवतो. शाळेत वाय-फाय असल्याने हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उपाय स्क्रिप्टचा होता. आधी पूर्ण फाइल ब्राउझरच्या मेमरीत आणायची. मग तिची तात्पुरती लिंक तयार करायची, फाइलला नाव द्यायचं आणि ती लिंक स्क्रिप्टनेच दाबायची. मात्र दुसऱ्या सर्व्हरची परवानगी लागते. ती मिळाली नाही की माझा कोड नाइलाजाने जुनीच लिंक उघडायचा.

मी शाळेच्या ऑफिसात बसून त्या परवानगीचं सेटिंग बदलत राहिलो. बटण दाबलं की तिचा आवाज यायचा, "बसलात का सगळे?" म्हणजे अजून चुकतंय. पुन्हा बदल, पुन्हा "बसलात का सगळे?"

मुख्याध्यापक शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "आवाज बंद करून करता येईल का?"

"नाही सर. आवाज आला की चुकलं, एवढीच खूण आहे."

शेवटी मी बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात डाउनलोडचा छोटा बाण उतरला.

"झालं?"

"झालं."



दुसऱ्या दिवशी रंजनाताईंनी सगळे धडे उतरवून घेतले. मी त्यांना नेट बंद करायला लावलं. फाइल वाजली. "आता बाई संगट येत्यात," त्या आकाशला म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. बाजाराला आल्या होत्या, तिथे रेंज होती. आकाशचे धडे संपले होते. "आनखी हायत का, सर?"

नाहीत, मी सांगितलं.

"बरं. मग हेच फिरून ऐकंल."

डाउनलोडचं बटण तपासताना मी आता आधी आवाजाकडे लक्ष देत नाही. फाइल उतरवतो, नेट बंद करतो आणि मगच ऐकतो.