खांड मोजणारी ठमाबाई

पनवेलच्या खाडीकाठच्या एका लहानशा गावात ठमाबाई सासरी आली ती चौदाव्या वर्षी. त्यानंतर चोवीस वर्षं तिने मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिल्या. अक्षरओळख नव्हती. वीसच्या पुढचे आकडेही ती "वीस आणि चार", "दोन विसा आणि सात" असेच म्हणायची. तिची मुलगी गोदू मात्र रोज बांधावरून दीड कोस चालत पनवेलच्या शाळेत जाई. संध्याकाळी ओटीवर बसून ती मोठमोठ्याने धडे घोके आणि ठमाबाई चुलीपाशी मासळी साफ करत ऐके.

गोदू चौथीत असताना एकदा पावकी-सवायकी घोकत होती. ठमाबाईने हात थांबवला.

"आठाचे सव्वा किती म्हनलीस?"

"दहा."

"आनि बाराचे?"

"पंधरा."

ठमाबाईने कोळशाने भिंतीवर आठ रेघा मारल्या, त्यांचा पाव भाग बोटाने वेगळा केला, तेवढ्याच रेघा शेजारी आणखी मारून सगळ्या मोजल्या. दहाच. तिने बारा रेघा मारून पाहिलं. पंधराच. गोदूला हसू आलं, पण आईचा चेहरा पाहून ते तिथेच विरलं. देवळात पहिल्यांदा समई पेटताना पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

त्या दिवसापासून गोदू शाळेत जे शिके ते घरी ठमाबाई शिके. भिंत कोळशाने काळी झाली. नवरा बळीराम मीठ वाहून नेणाऱ्या मचव्यावर खलाशी असे, परत आला की भिंतीकडे बघून म्हणे, "यंदा चुना दोनदा काढावा लागंल."

गोदू पाचवीत गेली ते साल होतं एकोणीसशे छपन्न. शाळा उघडल्यावर महिन्याभरातच गुरुजींनी घनफळ शिकवलं. हौद एवढा लांब, एवढा रुंद, एवढा खोल, तर पाणी किती? गोदूने तीन आकडे गुणून दाखवले.

"थांब," ठमाबाई म्हणाली. "हौद बांधलाय का?"

"नाय. पुस्तकातला हाय."

"मंग पानी भरल्याबिगर कसा कललं?"

"लांबी, रुंदी, खोली ठावं असली की कलतंय, आये. भरायची गरज नाय."

जे अजून खणलेलं नाही, भरलेलं नाही, ते आधीच मोजून ठेवता येतं, ही गोष्ट ठमाबाईच्या मनात मावेना. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या रांजणाकडेही वेगळ्या नजरेने बघू लागली.

आणि त्याच आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला गावाचा बांध फुटला.

खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये हा मातीचा बांध होता म्हणून गाव जेवत होतं. त्याला मोठी खांड पडली, मधली माती वाहून गेली. खारं पाणी खालच्या शेतांत शिरलं, तिथलं भात गेलं. वरची शेतं थोडी उंचावर होती म्हणून वाचली. पण नारळी पौर्णिमेचं उधाण याहून मोठं यायचं होतं. तोवर खांड बुजली नाही, तर वरचंही जाणार होतं.

नागपंचमीला माती खणत नाहीत, म्हणून त्या दिवशी सगळं गाव देवळासमोर जमलं. बांधाची व्यवस्था दादू पाटलांकडे होती.

"उद्यापासून लागू," ते म्हणाले. "बायामान्सं धरून आपन पंचवीस हाव. आजवर पंचविसांनीच खांडी बुजवल्या."

बायकांच्या घोळक्यातून ठमाबाई उठली. "पाटील, पंचवीस पुरनार नाय."

"तुला कोनी सांगितलं?"

"मी मोजलंय."

कुणीतरी हसलं. बळीराम मागे बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "तिला बोलू द्या."

ठमाबाईने मोजलं होतं हे खरं होतं. गेले दोन दिवस ओहोटीच्या वेळी ती आणि गोदू गाठी मारलेली दोरी घेऊन खांडीत उतरल्या होत्या. खांड तीस हात लांब, बांध सहा हात उंच, तळाशी दहा हात रुंद. गोदूने शाळेच्या पाटीवर गुणाकार केला, अठराशे आले. पण मग तीच म्हणाली, "आये, बांध वर निमुळता होतो. माथ्यावर चारच हात हाय. हे गुरुजींनी शिकवलं नाय."

तेव्हा ठमाबाईने चिकणमातीचा एक बांध ओटीवरच केला, तळ दहा बोटं रुंद, माथा चार. विळ्याने त्याची एका बाजूची उतरण कापली आणि ती उलटी करून दुसऱ्या बाजूला लावली. दोन्ही उतरणी एकमेकींत बसल्या आणि समोर सरळ उभी वीट तयार झाली. रुंदी मोजली, तर दहाही नाही आणि चारही नाही, बरोबर मधली सात. दोघी मायलेकी त्या विटेकडे बघत राहिल्या.

तीस सक एकशे ऐंशी, एकशे ऐंशीचे सातपट बाराशे साठ. पण माती पाट्यांनी वाहायची. म्हणून ठमाबाईने घराच्या मागे एक हात लांब, रुंद आणि खोल खड्डा खणला. त्यात आठ पाट्या माती मावली, पण पायाने चोपल्यावर ती खाली बसली आणि आणखी दोन पाट्या लागल्या. आठाचे सव्वा, दहा.

हे सगळं तिने देवळासमोर सांगितलं. शेवटी म्हणाली, "बारा हजार सहाशे पाट्या. एका ओहोटीत मानूस पस्तीस पाट्या टाकतो. पुनवेआधी दिवस नऊ. रोज चालीस मान्सं पायजेत."

आता कुणी हसलं नाही. दादू पाटील बोटं मोजू लागले, मध्येच सोडून म्हणाले, "वरची पंधरा कुठून आनू?"

"पावसात मिठागरं बंद हायेत. पलीकडच्या गावच्या बाया घरी बसल्यात. जनीला मी सांगते."

जनी तिची मिठागरातली जुनी सोबतीण. ठमाबाई त्याच दिवशी गेली. जनीने एकच विचारलं, "पाट्या तुज्या की आमच्या?" आणि दुसऱ्या दिवशी पंधरा बायका पाट्या घेऊन बांधावर हजर.

काम सुरू झालं. बांबूचे खुंट ठोकले, पेंढा पसरला, मातीवर माती पडत गेली. चौथ्या दिवसानंतरच्या भरतीने मात्र एक तुकडा वाहून नेला. माणसं हातपाय गाळून उभी राहिली. ठमाबाई दोरी घेऊन खाली उतरली. तीन हात लांब, दोन हात उंच, सात हात रुंद. वर येऊन म्हणाली, "चारशे वीस पाट्या गेल्या. पाच दिवस उरलेत. परतेकानं रोज दोन पाट्या जास्ती टाकायच्या. वर वीस राहतात, त्या मी टाकीन."

एवढं मोठं नुकसान दोन पाट्यांएवढं झालेलं पाहून माणसांना धीर आला. सगळी परत कामाला लागली.

नवव्या दिवशी, ओहोटी संपता संपता, बांधाचा माथा जुळला. माती अजून ओली होती.

पौर्णिमेला सगळं गाव बांधावर उभं होतं. पाणी चढलं, आणखी चढलं आणि माथ्यापासून हातभर खाली येऊन थांबलं. नव्या मातीला तडा गेला नाही. एका बाजूला फुगलेली खाडी, दुसऱ्या बाजूला वाऱ्यावर हलणारं भात. दादू पाटील ठमाबाईजवळ आले. त्यांनी खाडीला वाहायला आणलेला नारळ तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. तो मान नेहमी त्यांच्या घराचा होता.

पुढे बांधाचं काम निघालं की आधी ठमाबाईला बोलावणं येई. मीटर आले तेव्हा तिने हाताच्या गाठी सोडून दोरीला नव्या गाठी मारल्या. गोदू सातवी पास झाली आणि मास्तरीण झाली. ठमाबाई मात्र आपल्या नावाखेरीज अक्षर लिहायला कधी शिकली नाही. तिला फक्त आकडेच हवे असत.

खांड बुजली त्याच वर्षी, दिवाळीनंतर, पाचवीतली गोदू दशांश शिकून आली. तिने भिंतीवर एक आणि दोन काढले, मधल्या जागेचे दहा भाग केले. मग त्यातल्या एका भागाचे परत दहा.

"त्याचे अजून दहा होतात?" ठमाबाईने विचारलं.

"होतात."

"आनि त्यातल्या एकाचे?"

"त्याचेपन."

"मंग हे संपतं कधी?"

"संपतच नाय, आये. गुरुजी म्हनाले."

ठमाबाईने एक आणि दोनच्या मधल्या वीतभर जागेवर हळूच तळवा ठेवला.

"एवढ्यात?" ती म्हणाली.