पडलं तेवढं वाचायचं

"पडलं ते पडलं. आता वाचा," असं म्हणून मॅडम डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरायच्या. देवळीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मीही तेच.

त्यांचा उजवा हात थरथरायचा. औषध चालू होतं, पण थरथर काही ऐकत नव्हती. चहा त्या अर्धाच कप घ्यायच्या. "बाकीचा बशीलेच पाजा लागते," म्हणायच्या.

चहाचं ठीक हो. पण ऑक्झॅलिक ॲसिडचं नेहमीचं ०.१ तीव्रतेचं द्रावण करायचं तर लिटरला ६.३ ग्रॅम पावडर लागते. चमचा हलला की जास्त पडणार, आणि काढायला जावं तर चमचा आणखी हलणार.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे वजन-बिजन आता सरांले द्या. तुम्ही थिअरी घेत जा." सर म्हणजे मी. मी आपला खिडकीबाहेरचा कडुनिंब पाहत बसलो.

"काऊन? हात हालते, डोकं नाई हालत. उद्या तुमच्यासमोरच करून दाखवीन."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य काट्याजवळ उभे राहिले. चमचा हलला. प्राचार्यांनी मान फिरवली. आता मॅडमची प्रयोगशाळा सुटली, असं मला वाटलं.

"पडलं ते पडलं. सर, वाचा."

"६.९३."

"त्याले ६.३ नं भागा."

"१.१."

"मंग ०.१ च्या जागी ०.११ झालं."

"पण आपल्याले ०.१ च लागते ना?" प्राचार्य म्हणाले.

"नेमकं किती हाय हे माहीत असलं की झालं. पोरं पुढचा हिशोब ०.११ धरून करतीन."

कोपर टेबलावर टेकवून त्यांनी पावडर घातलेल्या फ्लास्कात लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, शेवटचं थेंबाथेंबाने. बाटलीवर चिठ्ठी लावली. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण ०.११ स्पष्ट वाचता येत होतं.

"बरं, चालू द्या," प्राचार्य म्हणाले. निवृत्तीपर्यंत काटा मॅडमकडेच राहिला. मला त्यांचा धाक होता, आणि माया त्याहून जास्त.

यंदा हिवाळ्यात मी वजन करत असतानाच आंजीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "सर, आई गेली." फोन ठेवून मी पुन्हा चमचा उचलला. माझा हात एरवी पक्का. त्या दिवशी काटा ६.३ च्या बराच पुढे गेला.

शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी म्हणाली, "सर, जास्त पडलं. काढू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "पडलं ते पडलं. आता वाच."