तीन पाण्यांत धुतलेला पाला

परवा सुनेनं हरभऱ्याच्या पाल्याचं पाकीट आणलं, निवडून स्वच्छ धुतलेलं, आणि मला सातपूरचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. सासूबाई सायखेड्याहून पहिल्या एसटीनं शेतातला वानोळा घेऊन आल्या: गाजरं, कांद्याची पात आणि भल्या पहाटे दवात खुडलेला हरभऱ्याचा कोवळा पाला. त्या शेजारी भेटायला गेल्या तेवढ्यात मी मोठ्या हौसेनं तो पाला तीन पाण्यांत धुतला, लसणाची फोडणी दिली आणि पीठ पेरून भाजी केली. पहिल्याच घासाला नवरा म्हणाला, "काही चवच नाही हिला." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "औंदा थंडीच नाय, मग पाल्याला आंबटपणा कुठून येनार? गप जेव." आणि त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली. तो कामावर गेल्यावर त्यांनी पिशवीच्या तळाला चिकटलेलं एक पान माझ्या जिभेवर ठेवलं. आंबट, खारट, झणझणीत. "ही भाजी धुवायची नसती, पोरी. हिची सगळी चव वरच असती." त्यांच्या बोटांना खुडून खुडून चिरा पडल्या होत्या, त्यात पाल्यावरचा तो खार झोंबत असणार. परवा जेवताना मुलगा म्हणाला, "आई, ही अशी बेचव का लागते?" सुनेनं मान खाली घातली. "यंदा थंडीच नाही रे," मी म्हणाले, आणि भाजी पुन्हा मागून घेतली.