बोंडीचं घमेलं

हे माह्या तोंडून आजवर निंघालं नाई. देवापुढं बसलो तरी नाई — तिथं बी मी दुसरंच कायतरी बोलत राह्यतो, पावसाचं, पोराचं, गुडघ्याचं. आज तुमाले सांगतो. आजच काहून? ते शेवटी सांगतो. आधी मांजरीचं आयका, कारन तिचं सांगतल्याबिगर माहं सांगता येत नाई.

आमचं गाव आर्नीपासून जवयच. घरात तिघं — मी, माहा पोरगा प्रफुल अन् त्याची बायको अश्विनी. माही बायको गेली, त्याच्या दुसऱ्या साली ही सून घरात आली, मारेगावकडची. अंगानं बारीक, बोलनं कमी. मले वाटलं, ही काय टिकते वावरा-घरात? पन खरं सांगतो, त्या पोरीसारखं मानूस मी दुसरं पायलं नाई. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हनलो नाई. ते बी लगेहात कबूल करून टाकतो.

मांजर आली ती आंगनातून. कपाशीच्या वायल्या पऱ्हाट्या आमी चुलीसाठी रचून ठेवतो, त्या ढिगात राह्यत होती. राखाडी रंगाची, अर्धा कान फाटलेला, अन् डोक्यावर पांढरा ठिपका, फुटलेल्या बोंडासारखा. अश्विनीनं तिले दूध देल्लं, नाव ठेवलं बोंडी, अन् घरात घेतलं. तिथूनच तमाशा सुरू झाला.

मुताची हो! कुठं म्हनून सांगू? पोराच्या गादीवर. कूलरच्या मांगं. धुऊन घडी करून ठेवलेल्या कपड्याईवर. एक डाव तर माह्या उशीवर — मी दुपारी जेवून आंग टाकलं अन् गालाले ओलं लागलं. मायबाप, तो वास! तुमच्या घरी मांजर असन तर तुमाले सांगाचं काम नाई. प्रफुल बोंबलला, "नेऊन सोड वं तिले नाल्यापल्याड!" मी बी काठी घेऊन धावलो. शेजारचे म्हनत, तिचं नाक घासा त्याच्यात, दोन रट्टे द्या, आपोआप सुधरते.

अश्विनीनं कोनाचंच आयकलं नाई. मारलं नाई, बोंबलली नाई. ती निस्ती पायत राह्यली. मांजर कुठं जाते, कवा जाते, जाच्या आधी काय करते — कपाशीवर बोंडअयी पडली तर मी बी इतकं बारीक पायत नाई. मंग तिच्या ध्यानात आलं का ही मऊ जागाच धुंडते, अन् बसली का कन्हते. झालं. भाजीच्या थैल्यात घातलं तिले, मुंडकं बाहेर, अन् प्रफुलच्या गाडीवर मांगं बसून आर्नीच्या जनावराच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं लोक बैल घेऊन उभे, बकऱ्या घेऊन उभे, अन् ही बया मांजर घेऊन! लोक हासले. तिनं हासू देल्लं. डॉक्टरानं सांगतलं का हिले लघवीची आग होते, म्हनून मऊ जागा पायते. औषध देल्लं.

आग थांबली, पन सवय लागून गेलती. ती कशी मोडाची? तुमी असते तर काय केलं असतं? मी तर काठीच घेतली असती. तिनं एक जुनं घमेलं घेतलं. त्यात नाल्याची बारीक रेती अन् चुलीची राख. वर जुन्या लुगड्याचा तुकडा, मऊ लागावा म्हनून. अन् ठेवलं कुठं? कूलरच्या मांगं, बोंडी आपन होऊन जात होती तिथंच. मंग तो तुकडा ती रोज जराजरासा कापत गेली, मांजरीले समजू नाई असा. शेवटी निस्ती रेती राह्यली, अन् बोंडी मुकाट्यानं त्या रेतीत जाऊ लागली. उकराची, बसाची, झाकाची, अन् वरून हुंगून पायाची, नीट झाकलं का नाई ते. घमेलं घान राह्यलं तर ती पाय ठेवत नाई, हे बी अश्विनीनंच वयखलं. सकाय-संध्याकाय साफ कराची. जुन्या जागा खायच्या सोड्यानं अन् लिंबानं घासून काढल्या, कारन वास राह्यला का मांजर परत तिथंच जाते म्हने.

मी वसरीत बसून हे सारं पायत होतो. मनात म्हनत होतो, अबे, आपन एवढी जिंदगी घालवली, इतक्या सबुरीनं एक तरी काम केलं का? अन् तोंडानं काय म्हनलो? "झालं का वं बाई मांजरीचं बायंतपन?" ती हासली. "झालं जी मामाजी, आता तुमचा चहा मांडतो."

मंग कापूस आला.

आमच्याकडं कापूस घरातच भरतात, भाव चढंपर्यंत. समोरची सारी खोली छतापर्यंत पांढरी होऊन जाते. झोपाचं तिथंच बाजूले, जेवाचं तिथंच बाजूले. अन् मऊ असा का मांजरीसाठी तर सर्गच. प्रफुल दारात उभा राहून म्हने, "हे पाय, सालभराची मेहनत हाये. हिनं इथं घान केली तर मी आयकनार नाई." अश्विनीनं आवाज चढवला नाई. म्हनली, "तिनं कापूस नासवला तर मीच तिले सोडून येइन. माहा शबूद हाये."

अन् बोंडीनं तिचा शबूद राखला. हे मी छातीठोक सांगतो, कारन मी माह्या डोयानं पायलं. एका दुपारी ती ढिगावर चढली, पंजानं कापूस उकरू लागली — माहा जीव टांगनीले — अन् थांबली. खाली उतरली. कूलरच्या मांगं गेली, घमेल्यात आपलं काम केलं, झाकलं, हुंगलं, अन् येऊन परत कापसावर गोल होऊन झोपली. जनावर हाये हो ते! मी दाराआड होतो, तिले काय माईत कोनी पायते म्हनून? तरी गेली. मी कितीतरी वेय तिथंच उभा होतो. त्या मांजरीचं मले कवतिक वाटलं, अन् जिनं तिले असं केलं तिचं तर त्याहून जास्त.

आता माह्यावर येतो. येनंच भाग हाये.

आमच्या भागात माह्या कापसाचं नाव हाये. कोरडा कापूस. व्यापारी म्हनतात, भाऊचा माल डोये झाकून घ्यावा. प्रफुल तर चारचौघात छाती फुगवून सांगते, "आमच्या बाबानं कधी कापसाले पानी दाखवलं नाई." तो लहान होता तवापासून हेच आयकत आला, माह्याच तोंडून.

दाखवलं. दरसाल दाखवलं. वजन वाढावं म्हनून कापसावर पानी मारनारे असतात, त्याइले मी पारावर बसून शिव्या देत होतो — अन् घरी येऊन तेच करत होतो. थोडंसंच. बोटानं शिंतोडे, कोनाले समजू नाई असे. थोडंसंच म्हनतो मी. थोडं अन् जास्त, त्यात फरक काय असते? काईच नसते.

त्या साली संक्रांतीच्या हयदीकुंकवाले अश्विनी गेलती. प्रफुल तुरीच्या वावरात. दुसऱ्या दिवशी व्यापारी येनार होता. मी बादली घेऊन ढिगावर चढलो, शिंतोडे मारून राह्यलो, अन् फाटकापाशी गाडी वाजली. मले वाटलं प्रफुलच आला. धडपडीत वयलो, तशी बादली आडवी. सारी कापसात! गाडी दुसऱ्याचीच निंघाली, रस्त्यानं चालली गेली. मी वरचा कोरडा कापूस त्या जागेवर लोटला, दाबला, सारखा केला. बोंडी दारात बसून पायत होती. मी तिले हाकललं.

सकायी व्यापारी आला. त्याच्या मानसानं, रीत असते तसा, ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो ओला. व्यापारी माह्याकडं पायते, प्रफुल माह्याकडं पायते. अन् माह्या तोंडून निंघालं —

"मांजर मुतली असन."

एवढंच. त्या मानसानं "थू थू" करत हात पँटीले पुसला. मांजरीचं मूत म्हनलं का कोन हुंगून पायते? प्रफुलनं बी नाई पायलं. बापानं सांगतलं होतं ना, मंग त्याले हुंगाची काय गरज? तो रागानं लाल झाला निस्ता.

अश्विनी सैपाकातून हात पुसत आली. काय झालं ते आयकलं. खाली बसली, त्या ओल्या कापसाचा पुंजका उचलला, अन् नाकाले लावला. एवढ्या मानसाईत तिनं एकटीनं. त्या वासाच्या जागा घासून घासून जिचे हात सोलले होते, तिले फसवता येते का? पुंजका नाकाशी धरूनच तिनं डोये वर केले. माह्याकडं पायलं. मंग कोपऱ्याकडं. तिथं बादली होती. मी उचलाची इसरलो होतो.

मले वाटलं, आता बोलते. एक शबूद बोलली असती तर पोरापुढं, व्यापाऱ्यापुढं माहं सारं नाव मातीत गेलं असतं. अन् बोंडी घरात राह्यली असती. दोनच गोष्टी होत्या तिच्यापुढं. तिनं पुंजका हयूच खाली ठेवला.

"हो जी," ती म्हनली, "बोंडीचंच हाये."

अन् मी गप राह्यलो.

पानी मारलं ते एक. खोटं बोललो ते दुसरं. पन रातदिवस टोचते ते तिसरंच — ती माह्यासाठी खोटं बोलली हे मले कयलं होतं, त्याच घडीले कयलं होतं, अन् मी ते घेऊन घेतलं. प्रफुल तिले लोकाईसमोर नाई नाई ते बोलला. तुह्या शबदाची काय किंमत, म्हनला. ती खाली मान घालून उभी. अन् मी काय म्हनलो असन? "जाऊ दे रे, लहान हाये ती." बापरे! समजूतदारपना केला मी! मोठा मानूस झालो मी तवा!

तिनं शबूद राखला. दुसऱ्या दिवशी बोंडीले थैल्यात घातलं, घमेलं काखेत घेतलं, अन् माहेरी ठेवाले एसटीत बसली. तेवढं घमेलं पाहून बी माह्यानं तोंड उघडवलं नाई. नव्या घरात मांजर भेदरली, परत जिथं तिथं मुतू लागली. अश्विनीच्या मायचा फोन आला — मांजर निंघून गेली म्हने, दिसत नाई. निंघून गेली का हाकलली, कोनाले माईत. अश्विनी "बरं" म्हनली, फोन ठेवला, अन् पोया लाटाले बसली. मी त्याच पोया खाल्ल्या. पुढच्या खेपेले माहेरून येताना ती घमेलं परत घेऊन आली, धुऊन. कूलरच्या मांगं पालथं घातलं. दुसरं जनावर तिनं घरात आनलं नाई. मले मात्र चहा वेयेवर, गोया वेयेवर, "मामाजी, जेवता का" त्याच आवाजात. कधी टोमना नाई. डोयात कधी तसं काई नाई. कसं जमते हो एखाद्या मानसाले?

आता, आजच काहून, ते सांगतो. यंदा माहं आपरेशन झालं. घरी आनलं, पलंगावर टाकलं. आज सकायी माह्यानं उठवलं नाई, हाक माराची लाज वाटली, अन् झालं आंथरुनातच. चादर ओली, खाली फरशीवर ओघय. तेवढ्यात प्रफुल पाहुने घेऊन खोलीत आला, मले पायाले आलेले. त्याची नजर फरशीवर गेली. "हे काय सांडलं?" म्हने. मी भिंतीकडं तोंड केलं.

अश्विनी पलंगाजवयच होती, मले पानी द्याले आलती. तिनं हातातला गिलास तिथंच आडवा केला.

"पानी सांडलं जी," ती म्हनली, "माह्याच हातानं."

प्रफुल तिच्यावर खेकसला, एवढं बी धड जमत नाई म्हनून. पाहुन्याईले तिनं वसरीत नेऊन बसवलं, चहा देल्ला. मंग परत आली, दार लोटलं, मले कुशीवर केलं, चादर काढली. गादी खायच्या सोड्यानं अन् लिंबानं पुसली. सारा वेय तिनं माह्या तोंडाकडं पायलं नाई. मले लाज वाटू नाई म्हनून नाई पायलं.

पानी होतं तवा तिनं मूत म्हनलं. मूत होतं तवा पानी म्हनलं. दोनी डाव बोलनी तिनंच खाल्ली. दोनी डाव मी तिथंच होतो, जागा होतो, अन् गप होतो.